सीलबंद पित्त
आज खाकी चिकटपट्टीचा वास आला आणि चौबे कॉलनीतले मोठे काका आठवले. रेल्वेत साहेब होते, म्हणून कोपऱ्यावरच्या औषधवाल्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "तो भैया नकली माल विकते," म्हणायचे. एकदा भर उन्हाळ्यात त्यांच्या अंगावर लालभडक गांधी उठल्या. काकांनी मोबाइलवरून औषध मागवलं. कंपनीकडून हिंदी बोलणाऱ्या डॉक्टरचा फोन आला, तर रुबाबात म्हणाले, "पित्त उठा है." मराठीत ते बरोबर, पण हिंदीवाला पित्त म्हणजे पोटातलंच समजणार. खाकी चिकटपट्टी लावून आलेल्या खोक्यातून ॲसिडिटीच्या गोळ्या निघाल्या. तोवर ओठ सुजून काकांचं तोंड वाकडं झालं होतं. काकू म्हणाली, "अवो, ह्या पोटाच्या गोळ्या हायेत, दवाखान्यात चला." काका गोळी गिळत म्हणाले, "सील पाहून घे. कंपनीचा माल गलत काहून असंन?" शेवटी शेजाऱ्यांनी धरून दवाखान्यात नेलं, तर तिथंही सुजल्या तोंडानं विचारत होते, इंजेक्शन सीलबंद आहे ना. या शहाणपणाची मला अजून किळस येते. आज माझ्या दारात तसाच खोका आला. बायकोनं गोळीचं नाव वाचलंच नाही. सील तपासलं आणि समाधानानं आत गेली.