बसवाला मामा पहिल्या फळीत

टीमची बस चालवणाऱ्याला सगळे मामा म्हणत. तो खरा मामा फक्त कप्तानाचा, पण भाच्याने हाक मारली आणि ती बाकीच्यांच्याही तोंडी बसली. तरुणपणी तो याच रग्बी टीमच्या पहिल्या फळीत खेळायचा. पुढे मान दुखावली, बायकोने डोळे वटारले, आणि मामाने मुकाट्याने स्टिअरिंग धरलं.

मागच्या वर्षी टीमने करंडक जिंकला आणि तिथूनच पोरांचे हाल सुरू झाले. चॅम्पियन म्हटल्यावर जो तो बोलवायचा. आज एका टोकाला सामना, परवा दुसऱ्या. पोरं बसमध्येच जेवायची, बसमध्येच झोपायची, गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या बांधून. एकदा तर कहरच झाला. सामना घरच्या मैदानावर, आणि अख्खी टीम सवयीने सरळ पाहुण्यांच्या खोलीत शिरून कपडे बदलायला लागली. खरे पाहुणे दारात येऊन उभे राहिले, तेव्हा कुठे यांची ट्यूब पेटली. मामा हसून हसून बेजार झाला. नंतर मात्र त्याच्या ध्यानात आलं. स्वतःचं घर ओळखू नये इतकी दमली होती पोरं.

अंतिम सामन्याच्या आठवड्यात पहिल्या फळीतले दोघे जायबंदी झाले. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ गडी चेंडूसाठी वाकून एकमेकांना भिडतात आणि रेटतात. पहिला मार पहिल्या फळीतल्या तिघांच्या मानेवर. तिथे त्या कामात मुरलेलाच गडी लागतो. तो नसेल तर पंच रेटणंच बंद करायला लावतात. आणि या टीमचं हुकमाचं पान तेच, कारण पळायचं त्राण कुणात उरलं नव्हतं.

कोचने राखीव गड्यांत मामाचं नाव घातलं.

बायको भडकली. "अहो, वयाचं काही भान? जिना चढताना मध्ये टेकता तुम्ही!"

"नावापुरतंच आहे गं."

"तुमचं नावापुरतं मला चांगलं ठाऊक आहे."

तरी सामन्याच्या सकाळी तिनेच त्याच्या मानेला मलम चोळलं, तेही असं की मामाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

सामना संपत आला तेव्हा टीम तीन गुणांनी मागे होती. जिच्यापलीकडे चेंडू टेकवला की पाच गुण, ती समोरच्यांची रेषा हाताच्या अंतरावर, स्क्रममध्ये चेंडू आपला, आणि नेमका पहिल्या फळीतला आणखी एक जण लंगडत बाहेर आला. कोच मामाकडे वळला. "मामा, नाही म्हणालात तरी कुणी काही बोलणार नाही."

"इतके दिवस बसवून नेलं," मामा उठत म्हणाला, "आता जरा उतरून धक्का मारतो."

समोर रेड्यासारख्या मानेचा एक पोरगा होता. "काका, सांभाळून हं," तो म्हणाला, आणि भिडताक्षणी त्याने मामाला पाऊलभर मागे सारलं. मामाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाय घसरू लागले. मागची पोरं इतकी थकली होती की रेटण्याऐवजी त्याच्यावर रेलून उभी होती. आता ढिला पडलो तर वर्षभराची सगळी वणवण मातीत जाणार, हे त्याला लख्ख कळलं आणि त्याचं टाळकंच सटकलं.

"अरे, झोपताय काय! उठा माझ्या जिवावर! रेटा!"

पोरं उठली. पाठीवरचं ओझं एकाएकी जोर झालं. मामाने मान ताठ केली, बुटांचे खिळे मातीत रोवले आणि एक पाऊल टाकलं. मग दुसरं. रेड्याची मान वाकली, समोरची भिंत मागे सरकली, फुटली, आणि कप्तानाने रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला. पाच गुण! शेवटची शिट्टी ऐकू येऊ नये असा मैदानभर कल्लोळ उठला.

भाच्याने करंडक पहिल्यांदा मामाच्याच हातात दिला. मामाने तो उचलायला घेतला, पण हात छातीच्या वर जाईनात. लोक वाट बघत होते. मामा ओशाळून हसला. मग पहिल्या फळीतली दोन पोरं दोन्ही बाजूंनी आली, त्यांनी त्याच्या कोपरांखाली खांदे लावले, आणि तिघांनी मिळून करंडक वर रेटला.