पोकळ फरशी

एरंडोलच्या पुढे एका गावाबाहेर जुना हमामखाना आहे. एकेकाळी अख्खं गाव तिथे अंघोळीला यायचं, आता छतही उरलेलं नाही. पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो, त्यातून तिथल्या राखणदार आबांची ओळख झाली. नाव कधी विचारलं नाही.

पूर्वी जमिनीखालून धग खेळवत, त्यामुळे फरशी खालून पोकळ आहे. आबा काठीने एकेक दगड ठोकत, मान तिरकी करून आवाज ऐकत आणि मगच अनवाणी पाऊल टाकत. आम्हालाही चपला काढायला लावत. "खाले पोकळ शे, भाऊ. चप्पलवाला पायले काही समजत नही." मला ते जरा अतीच वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात एकटाच गेलो होतो. दगड तापले होते, म्हणून चपला घालूनच आत शिरलो. मधोमध पायाखाली काहीतरी करकरलं आणि फरशी बोटभर खचली. माझ्या मागून आलेले आबा कडेला पटकन पालथे झाले आणि त्यांनी काठी पुढे केली. आवाज जराही चढला नाही. "काठी धरा. पाय उचलू नका. सरकत या."

मी आलो, पण एक चप्पल तिथेच राहिली.

"राहू द्या, आबा!" म्हणेपर्यंत ते पोटावर सरकत त्याच फरशीकडे निघाले होते. दगड पुन्हा करकरला.

ते परतले आणि त्यांनी चप्पल माझ्या पायाशी ठेवली.

"एका चपलेसाठी, आबा?"

"चप्पल दखाई तर जागा भक्कम शे समजीसन दुसरा कोनी बी तठे उभा राही."