कार्बोरेटरवरची लाल रेघ

आमची जुनी गाडी सिग्नलला थांबली की थरथरायची आणि बंद पडायची. कर्वेनगरच्या मेकॅनिकने ती महिन्यात तिसऱ्यांदा नीट करून दिली, तेव्हा हा मुद्दाम अर्धवट काम करतो अशी माझी खात्री झाली. मी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं.

त्याला उलट माझाच संशय होता. "मॅडम, कार्बोरेटरचा हा स्क्रू मी दर वेळी लावून देतो आणि दर वेळी फिरवलेला सापडतो. घरात आणखी कोण हात लावतं?"

"कोणीही नाही," मी तोडून टाकलं.

स्क्रूवरून शेजारच्या लोखंडापर्यंत त्याने लाल रंगाची बारीक रेघ ओढली. "कोणी स्क्रू फिरवला, तर ही तुटेल."

तिसऱ्या दिवशी वारज्याला गाडी बंद पडली. बॉनेट उघडलं तर रेघ तुटलेली होती. बॉनेटचा खटका गाडीच्या आत, म्हणजे किल्ली घरातल्याच कुणीतरी घेतली होती. नवऱ्याला विचारलं, तर तो चिडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर खाली उतरले. सासरे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन इंजिनावर वाकले होते.

"अहो बाबा, काय करताय?"

"गाडी उभी असतानाही रेस फार ठेवतो तो. उगाच पेट्रोल जळतं. रोज थोडी कमी करतो."

संध्याकाळी त्यांना मेकॅनिककडे नेलं. त्याने स्क्रू फिरवून इंजिन बंद पाडून दाखवलं, मग परत लावून दिला. मी त्याची माफी मागितली. येताना गाडी एकदाही बंद पडली नाही. बाबा मात्र इंजिनाच्या आवाजाकडे कान देऊन बसले होते.

"अजून जास्तच आहे," ते म्हणाले.