नोव्हेंबरात यावं की नाही

आसलाऊग ब्रेक्मू पार उत्तरेला असलेल्या आमच्या हाव्नेस गावातल्या मासळी कारखान्यात बावीस वर्षं कॉड मासे कापत होती. कारखाना बंद पडला तेव्हा नगरपालिकेने तिला बंदराच्या कचेरीत पर्यटकांच्या चौकशीला बसवलं. माझं टेबल त्याच खोलीत होतं. मी बोटींच्या येण्याजाण्याची नोंद ठेवायचो. तिचं फोनवरचं बोलणं वर्षानुवर्षं माझ्या कानावर पडत राहिलं, त्यामुळे हे बहुतेक मी ऐकलेलंच सांगतोय; पलीकडचं बोलणं तिने नंतर सांगितलेलं.

उन्हाळ्यात येणारे फारसं विचारत नाहीत, येतात. फोन सुरू व्हायचे ते ऑक्टोबरात. खोल्यांचे भाव निम्म्यावर आले की दक्षिणेकडच्या लोकांना आमची आठवण येते. आत्ता आलं तर कसं, एवढंच त्यांना हवं असायचं. आसलाऊग दोन्ही बाजू सांगायची, एकाच आवाजात.

"खोली स्वस्त मिळेल. डोंगरावर तुमच्याशिवाय कुणी नसेल. पण नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य जातो, तो जानेवारीच्या मध्याला परत येतो. वारा सुटला की डोंगरातला घाटरस्ता बंद होतो, कधी एक दिवस, कधी चार. संग्रहालय बंद, कॅफे फक्त गुरुवारी. ध्रुवप्रकाशाचे हिरवे पट्टे? आकाश मोकळं असेल तर. गेल्या नोव्हेंबरात ते पाच रात्री मोकळं होतं."

हालवर नावाचा हॉटेलवाला, हिच्यामुळे गिऱ्हाइकं पळतात म्हणून, एकदा तणतणत आला. "तू माझ्याकडे नोकरीला नाहीस हे तुझं नशीब," तो म्हणाला. "आजच्या आज घरी पाठवलं असतं."

"घरीच जायचंय मला, पाच वाजता," आसलाऊग म्हणाली.

प्रेबेन होल्मगोरचा पहिला फोन अशाच एका ऑक्टोबरात आला. डेन्मार्कातल्या ओडेन्सचा माणूस, शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला. डॅनिश लोक आमच्यासारखीच भाषा तोंडात गरम बटाटा धरून बोलतात असं आम्ही म्हणतो, पण आसलाऊगला त्याचं बोलणं पहिल्यापासून कळलं. त्याने वहीत दोन रकाने आखले होते, एक यावं म्हणणारा, एक येऊ नये म्हणणारा. आठवड्याला एक फोन, नाताळपर्यंत. आणि प्रश्न असे की तिलाही उत्तर ठाऊक नसायचं.

"डिसेंबरात दुपारी बाराला उजेड कसा असतो?"

"अंधुक."

"अंधुक म्हणजे किती? पेपर वाचता येतो?"

तिने रिसीव्हर टेबलावर ठेवला, माझा पेपर उचलला आणि धक्क्यावर गेली. परत येऊन म्हणाली, "बातम्या वाचता येतात. शब्दकोड्याला चष्मा लागेल."

धक्क्यावर बर्फ साचलं की त्याचा रंग कसा दिसतो, रात्री वाऱ्याने खिडक्या वाजतात का, फेब्रुवारीत कॉडची जीभ कुठे तळून मिळते, हे सगळं तिने त्याच्यासाठी पाहून, विचारून ठेवलं. "बावन्न वर्षं या गावात राहून मी असं कधी बघितलंच नव्हतं," असं ती मला एकदा म्हणाली.

"चौदा विरुद्ध तेरा झाले," तो एके वर्षी म्हणाला. "यावं म्हणणारे चौदा."

"मग या की."

"माझ्या बायकोला, ग्रेथेला, अंधार सोसत नाही हो. पुढच्या वर्षी बघू."

असं सात वर्षं चाललं. आसलाऊगने मनात ग्रेथेचं चित्र तयार केलं होतं: शाल पांघरलेली, किरकिरी, दिवा लावून बसलेली बाई. त्या माणसाची तिला कीव यायची.

आठव्या वर्षी ऑक्टोबरात फोन आला नाही. फोन बिघडला नाही ना, असं तिने मला दोनदा विचारलं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक बोट वादळामुळे अख्खा दिवस उशिरा लागली. पाठीवर मोठी पिशवी घेतलेली, सत्तरीची एक उंच बाई थेट कचेरीत आली.

"आसलाऊग ब्रेक्मू तुम्हीच ना? मी ग्रेथे होल्मगोर."

आसलाऊगने तिच्या मागे दाराकडे पाहिलं. "आणि प्रेबेन?"

"मे महिन्यात गेला. हृदय बंद पडलं. बागेतच."

आसलाऊगने तिला खुर्ची दिली, थर्मासमधली कॉफी ओतली. मग आसलाऊग म्हणाली, "वाईट वेळेला आलात. कालच घाट बंद झालाय. त्यात तुम्हाला अंधार सोसत नाही."

"असं कोण म्हणतं?"

"तेच म्हणायचे. सात वर्षं."

ग्रेथेने कप खाली ठेवला. "मी तीस वर्षं जानेवारीत समुद्रात पोहतेय. पहाटे सहाला. मला कसला आलाय अंधार?"

मी नोंदवहीत डोकं घातलं. बाहेर जावं की बसावं ते कळेना.

"दर वर्षी मी म्हणायचे, काढ तिकिटं," ग्रेथे सांगत होती. "तो म्हणायचा, थांब, आधी हाव्नेसला विचारतो. मग जेवताना मला सगळं ऐकवायचा. घाट बंद झाल्याचं कळलं की खुशीत असायचा. ओडेन्सबाहेर त्याला झोप लागायची नाही, बोटीची भीती वाटायची. पण हे कबूल कोण करणार? म्हणून मला पुढे केलं."

"म्हणजे त्यांना यायचंच नव्हतं."

"नव्हतं. पण तुमच्याशी बोलायचं होतं. राग आला?"

"आला थोडा."

"मलाही येतोय आत्ता. असता तर दोघींनी मिळून झापला असता."

ग्रेथे चार दिवसांसाठी आली होती, वाऱ्याने अडकून अकरा दिवस राहिली. ध्रुवप्रकाश तिला एकदाही दिसला नाही. रोज सकाळी ती जुन्या धक्क्याच्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरायची. आसलाऊग काठावर टॉवेल धरून उभी असायची. जन्म या समुद्राच्या मासळीवर गेला तरी नोव्हेंबरात तिने त्यात पाय घातला नव्हता. सहाव्या दिवशी ती कमरेपर्यंत गेली, शिव्या देत बाहेर आली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तोवर दोघी एकमेकींना अगंतुगं करायला लागल्या होत्या.

ग्रेथे पुढची दोन वर्षंही नोव्हेंबरातच आली. नंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि येणं थांबलं, पत्रं येतात.

चौकशीचे फोन चालूच राहिले आणि आसलाऊग तीच माहिती देत राहिली. फक्त शेवटी एक प्रश्न ती स्वतः विचारायला लागली. "खरंच यायचंय, की नुसतं विचारताय?"

बहुतेक लोक यावर चिडायचे. हालवरने तर नगरपालिकेला पत्र लिहिलं, त्याचं पुढे काही झालं नाही. ड्रॅमन शहरातला एक माणूस मात्र म्हणाला, "नुसतं विचारतोय."

"बरं मग," आसलाऊग म्हणाली आणि खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली. "आज वारा वायव्येकडून आहे."