बसण्याआधीचा नमस्कार

मुलीचं वाजवणं ऐकायला सकाळी एका ध्यानकेंद्रात गेलो होतो. तबला ती माझ्याकडेच शिकली. आता काहोन वाजवते. हे पेरू देशातलं वाद्य म्हणजे साधं लाकडी खोकं. त्यावरच बसायचं आणि समोरच्या फळीवर हातांनी वाजवायचं. तिने ते पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा मी तडकलो होतो. "वाद्यावर बसायचं? तबल्याला चुकून पाय लागला तरी नमस्कार करतो आपण." 

आज ती मंचावर आली, वाकली, खोक्याला लावलेला हात कपाळाला लावला आणि मग बसली. माझी आई सकाळी उठल्यावर पाय टेकण्याआधी जमिनीला हात लावायची, ते आठवलं. जिच्यावर दिवसभर उभं राहायचं, तिची आधी माफी मागायची.

ठेका त्या दूरच्या मुलखातला होता, पण मधूनच त्यात सात मात्रांचा रूपक ताल अलगद वाहू लागायचा. बोल मी शिकवले होते. हात कपाळाकडे न्यायला मात्र मी कधीच शिकवलं नव्हतं. ते तिने नुसतं बघून घेतलं असणार. सभागृहात सगळे डोळे मिटून बसले होते. मला काही ते जमलं नाही.

कार्यक्रमानंतर तिने विचारलं, "बाबा, आवडलं का?"

मी वाकून खोक्याला नमस्कार केला आणि सावकाश त्यावर बसलो.