मागच्या सीटवरून समोरचं

“हलकी का भारी, एवढंच सांगा राव,” बबनराव म्हणाले. दुपारपासून ते दोन गाड्यांमध्ये येरझारा घालत होते. त्यांच्या मंडळी, हिराबाई, दारातल्या खुर्चीवर बसून हायवेकडे बघत होत्या.

मंचरच्या त्या शोरूममध्ये मी सेल्सला होतो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमच्याकडे तेव्हा क्रूझरची दोन मॉडेलं होती, एक भारी आणि महाग, एक हलकं आणि स्वस्त. क्रूझर म्हणजे ऐसपैस मोटरसायकल. सीट खाली, हँडल वर, पाय पुढे पसरलेले. घाईतल्या माणसाने घेऊच नये. आमच्या भागात ती विकली जायची कमी, बघितली जायची जास्त. टोमॅटोला भाव मिळालेली पोरं यायची, बसायची, आरशात केस बघायची आणि शंभर सीसीची गाडी घेऊन जायची. मला त्यांचा राग यायचा नाही. शटर ओढण्याआधी मी स्वतः भारी क्रूझरवर बसून डोळे मिटायचो. कधी गोव्याला पोचायचो, कधी नुसताच नाणेघाटापर्यंत. शेठ हाक मारायचे, तेव्हा परत यायचो.

बबनराव कळंबचे, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. कित्येक वर्षं त्यांनी माळशेज घाटातून कल्याणची गाडी नेली होती. घाटात एक वळण आहे म्हणे. तिथे डोंगर बाजूला सरतो आणि खालचं सगळं कोकण एकदम समोर येतं. ते मंडळींना दाखवायचं होतं, म्हणून ही खरेदी.

“मग तुमच्या गाडीतूनच न्यायचं की,” मी म्हणालो.

“तिला एसटी लागती. बसली का डोळे मिटून पदर तोंडाला.”

ड्रायव्हरच्या बायकोला एसटी लागावी! मला हसू आवरेना.

“हसा, हसा. मोटरसायकलवर न्हाई लागत तिला. वारं असतं ना तोंडावर.”

घाटाचं नाव निघाल्यावर मी त्यांना भारी गाडीकडे वळवलं. टॉर्क समजावला. टॉर्क म्हणजे चढावर, डबलसीट, कुरकुर न करता ओढायची ताकद. त्यांना ते लगेच पटलं. इंजिन चालू करून दिलं, तर कान देऊन ऐकत उभे राहिले. शेठनी गल्ल्यावरून खूण केली, उरकून टाक. मी फॉर्म काढणार, एवढ्यात हिराबाई उठल्या.

“भाऊ, मागं बसून म्होरचं दिसतं का?”

मायलेज सगळे विचारतात. हे कोणी विचारलं नव्हतं.

“म्हणजे कसं, मावशी?”

“आडवं बसलं का एकच बाजू दिसती. नारायणगावाला जाताना डोंगर, येताना समदी शेतं. म्होरचा रस्ता मी कदी बघितलाच न्हाई.”

“त्याला दोन्हीकडे पाय टाकून बसावं लागेल,” मी म्हणालो. मला वाटलं, विषय संपला. त्यांच्या वयाच्या बाया तेव्हा आमच्याकडे तशा बसत नसत. पण हिराबाईंनी नऊवारीचा काष्टा सारखा केला आणि सरळ भारी गाडीवर टांग टाकली. शेठ घाईघाईने पेपर वाचायला लागले.

“बसा म्होरं,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. बबनराव बसले.

“ह्यांची पाठच दिसती. ती बघितलीया मी.”

हलक्या गाडीवर मी त्यांना अजून बसवलंच नव्हतं. तिच्या मागच्या सीटला टेका होता, त्यामुळे आडवं बसणं अवघड. पण तिची पुढची सीट खोलगट होती आणि मागची चांगली वीतभर उंच. हिराबाई तिच्यावर बसल्या. नवऱ्याच्या खांद्यावरून काचेबाहेरचा हायवे त्यांना सरळ दिसत होता. गाडी स्टँडवर उभी होती, पण त्या निघाल्या होत्या. तो चेहरा मला ओळखीचा वाटला. फार बरं वाटलं मला.

बबनराव मात्र खाली उतरले. “असं बसून गावातनं जायचं? मला सारा गाव वळखतो. आन् घाट चढताना ही गाडी दम टाकंल.”

“टाकू द्या. थांबू तितं. आन् गावाची लाज वाटत असंल, तर हायवेपातूर मी चालत येते. तितं बसते.”

बबनरावांनी भारी गाडीच्या टाकीवर एकदा हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “हलकीच द्या.”

“भारी जात होती, हलकीवर आणलीस,” शेठ नंतर म्हणाले.

पहिल्या सर्व्हिसिंगला बबनराव एकटेच आले. मी हातातलं काम टाकून गेलो. “काय, दिसलं का वळण?”

“दिसलं की. गाडी कडंला लावली. ती उतरून कठड्यापाशी गेली, पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, रडती का काय.”

“मग?”

“मग म्हनली, ‘तुमी रोज हे बघून घरी यायचा, आन् भाजीत मीठ कमी म्हणून ताट सारायचा?’”

“तुम्ही काय म्हणालात?”

“गाडी चालू केली.”

तेव्हापासून क्रूझरचं गिऱ्हाईक आलं, की मी आधी मागे बसणाऱ्याला बसवून बघतो. टॉर्क नंतर. त्याने विक्री काही वाढली नाही. घरी जेवताना मात्र मी जरा जपून बोलतो.