कोऱ्या दुपट्ट्यांवरच्या लाल कैऱ्या

नणंदेच्या लग्नात वरपक्षाच्या पुरुषांना द्यायचे दुपट्टे मी न धुताच छापले. छपाईच्या वर्गात बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: मागावरून आलेल्या कापडात खळ असते, ती उकळून काढली नाही तर रंग धाग्यात शिरत नाही, वरच्या वर बसतो. मला ते पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि डोक्यात असणं वेगळं. तेव्हा माझ्या डोक्यात फक्त माझी तारीफ होती.

कामठीहून आलेलं ते सुती कापड पापडासारखं कडक. मी बादली भरायला घेतली तशा सासूबाई आडव्या आल्या. लग्नात द्यायचं वस्त्र कोरंच पाहिजे, पाण्यातून काढलेलं दिलं तर लोक वापरलेलं दिलं म्हणतील. तिथेच भांडायला हवं होतं. भांडले नाही, कारण मला वाटलं, माझ्या हाताला रंग ऐकेल. या बाईसाहेबांनी, म्हणजे मी, तोवर छापले होते चार रुमाल, तेही धोब्याकडून आलेल्या कापडाचे! वर आणखी शहाणपणा असा, की व्याह्यांसाठी खास टेरिलीनचा दुपट्टा घेतला आणि त्यावरही तोच रंग ओढला. टेरिलीनवर सुती कापडाचा रंग म्हणजे अळवावरचं पाणी.

दिसायला मात्र देखणे झाले. जाळीची चौकट उचलली की खाली लालबुंद कैरी, कडा सुरीनं कापल्यासारख्या. मी स्वतःवरच खूश.

लग्न मे महिन्यात, भर दुपारचं. मंडपात पुरुषांनी नव्या दुपट्ट्यांनी घाम पुसला आणि बघता बघता अर्धं वऱ्हाड गालांना लाली लावून बसलं. नवरदेवाच्या मामांच्या पांढऱ्या सदऱ्यावर अख्खी कैरी उलटी उमटली. व्याह्यांच्या टेरिलीनवरून रंगाच्या खपल्या वरणात पडल्या. मिरचीची सालं समजून ते त्या बोटानं बाजूला काढत होते.

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, भर पंगतीत माझ्यावर बरसले. घरात कारखाना काढला, वरपक्षासमोर नाक कापलं, उद्या ते छपाईचं टेबल रस्त्यावर फेकतो. टेबल कसलं, जुन्या दाराला घोंगडी ठोकलेली. पण त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. नवरा माझ्याकडे पाठ करून पाणी वाढत राहिला. आणि सासूबाई? शेजारीच पदरानं वारा घेत उभ्या. ‘कोरं’ हा शब्द जणू त्यांनी जन्मात ऐकला नव्हता.

पाहुणे गेल्यावर मी समोरच्या खोलीत गेले आणि घोंगडीचे खिळे उपसू लागले. दुसऱ्यानं फेकण्यापेक्षा आपणच मोडलेलं बरं. सासूबाई दारात आल्या, मागे कोणी नाही ना हे वळून पाहिलं, आणि म्हणाल्या,

“राहू दे तेथंच. थोरल्याले मी पाहून घेतो. कोरं कोरं मीच करत होती, मले मालूम आहे. पण हे मी चार लोकांत बोलनार नाही वं. अन् पुढच्या टायमाले मले इचारूच नको, कापड धुवून टाकजो.”